बटाट्याचे हंगाम आणि लहान शेतकरी

बटाटा वाढतो मातीत. पण तो किती पोसणार हे मुख्यतः रात्रीच्या तापमानावर ठरते. तापमान १५ ते २० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असता कंद उत्तम धरतात. ३० अंशांच्या पुढे त्यांची वाढ जवळजवळ थांबते. दिवसा पानांत तयार झालेले अन्न उष्ण रात्री श्वसनातच खर्ची पडते आणि कंदापर्यंत थोडेच पोहोचते.

म्हणूनच भारतातील बहुतांश बटाटा हिवाळ्यात पिकतो. उत्तर प्रदेशापासून पश्चिम बंगालपर्यंतच्या मैदानी मुलखात ऑक्टोबर-नोव्हेंबरात लागवड होते आणि सुमारे तीन महिन्यांत पीक हाती येते. सिमल्याच्या डोंगराळ भागात हेच पीक उन्हाळ्यात, पावसाच्या भरवशावर घेतात. तेथे ढगाळ, दमट हवेत करपा रोगाचे भय मोठे असते. पुणे-सातारा भागात रब्बीबरोबर खरिपातही बटाटा होतो. जून-जुलैत लावलेल्या या पिकाला उबदार रात्री व पाण्याचा अपुरा निचरा यांना तोंड द्यावे लागते.

हेक्टरी २५ ते ३० क्विंटल बेणे दोन्ही हंगामांत लागते, आणि लागवडीच्या खर्चात मोठा वाटा त्याचाच असतो. खरिपात तेवढ्याच बेण्यापासून उत्पन्न कमी येते. यावरून खरिपाचा शेतकरी अकुशल ठरतो काय? तसे म्हणणे न्यायाचे होणार नाही. ऋतूने हिरावून नेलेले उत्पन्न त्याच्या पदरी दोष म्हणून घालता येत नाही. एकाच हंगामातील, सारख्या जमिनीच्या शेतांची तुलना केली, तरच कसबातील खरा फरक दिसून येतो.

हा फरक प्रत्येक हंगामात निराळ्या ठिकाणी असतो. रब्बीत तो पाण्याच्या पाळ्या, वेळेवर लागवड आणि मातीची भर यांत असतो; खरिपात निचरा, करप्यावरील वेळीच फवारणी आणि निरोगी बेणे यांत. एका हंगामाचा सल्ला दुसऱ्या हंगामात जसाच्या तसा लागू पडत नाही.

ऋतूची नेमकी पारख किती मोलाची असते, हे बेण्याच्या प्रश्नातच दिसून आले. पूर्वी मैदानी प्रदेश बेण्यासाठी डोंगराळ भागावर अवलंबून असे. १९४९ साली पाटण्यास स्थापन झालेली व १९५६ साली सिमल्यास हलविलेली केंद्रीय बटाटा संशोधन संस्था हिने यावर तोड शोधली. विषाणू पसरविणारा मावा मैदानात हिवाळ्याच्या आरंभी फार थोडा असतो. त्या काळात पीक वाढवून, मावा वाढण्यापूर्वीच पाला कापून टाकल्यास मैदानातही निरोगी बेणे मिळते.

लहान शेतकऱ्याजवळ चूक सोसण्याइतकी शिल्लक नसते. उधारीने आणलेले बेणे कुजले, तर पुढचा हंगामही हातचा जातो. त्याला दिलेला सल्ला, कर्ज आणि पीकविमा यांनी हंगामाचा भेद ओळखला पाहिजे, तो यासाठीच.