आखेनला मित्राकडे जाताना

जर्मनीत एमएस करणारा मित्र फोनवर सांगतो, ‘ये रे कधीही, राहायला मी आहेच.’ तो मनापासूनच बोलतो. तरीही तिकीट काढण्याआधी त्याच्या परीक्षांचं वेळापत्रक मागवून घ्यावं.

पुण्यातून जर्मनीला शिकायला जाणं आता नवलाचं राहिलेलं नाही. मेकॅनिकलची पदवी, जर्मनच्या दोन-तीन लेव्हल्स आणि मग आखेन, म्युनिक किंवा श्टुटगार्ट. शिकायला गेलेल्यांच्या मागोमाग त्यांचे मित्रही जाऊ लागले. मुक्काम मित्राच्या खोलीवर आणि दहा दिवसांत पाच देश, असा बेत ठरलेला. माझं मत अगदी उलटं आहे. पॅरिस पुढेमागे ऑफिसच्या खर्चानेही बघता येईल. मित्राचं विद्यार्थीपण दोन-तीन वर्षांत संपणार आहे.

आपल्याला वाटतं, ऑगस्टमध्ये युरोपला सुट्टी असते. पण तिथल्या विद्यापीठांचं उन्हाळी सत्र एप्रिल ते सप्टेंबर आणि हिवाळी ऑक्टोबर ते मार्च. व्याख्यानं जुलैत आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला थांबतात हे खरं. पण परीक्षा सुरू होतात त्या तेव्हाच. बहुतेक विषयांना तीनच संधी मिळतात. अनिवार्य विषयात तिसऱ्यांदा नापास झालं, तर सहसा तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो. अशा दिवसांत पाहुणा म्हणजे संकटच. त्यापेक्षा मे-जून बरा. ईस्टर धरून पन्नासाव्या दिवशी पेंटेकोस्ट येतो, आणि त्या आठवड्यात आखेनच्या विद्यापीठात व्याख्यानं नसतात. हा आठवडा धरता आला तर सोन्याहून पिवळं.

दुसरी गोष्ट पैशांची. विद्यार्थी व्हिसासाठी ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरून दाखवावे लागतात, त्यातून महिन्याला ९९२ मिळतात. भाडं, आरोग्य विमा, जेवण सगळं त्यातच. वर कमवायचं तर सत्र चालू असताना सर्वसाधारणपणे आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येतं. किमान वेतन जानेवारी २०२६पासून तासाला १३.९० युरो आहे. तुमच्यासाठी त्याने पाच तासांची एक शिफ्ट सोडली, तर जवळपास सत्तर युरो गेले. तो हे बोलून दाखवणार नाही. तेव्हा किराण्याचं बिल आपण होऊन भरावं. ‘अरे, राहू दे’ला दाद देऊ नये.

व्हिसाचं काम किचकट आहे, अवघड नाही. शेंगेन व्हिसाची फी ९० युरो आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा सक्तीचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जिथे सर्वाधिक मुक्काम, त्या देशाकडेच अर्ज करायचा. पाच देशांचा बेत इथेच अडतो. मित्राचं आमंत्रणपत्र आणि त्याच्या निवास परवान्याची प्रत जोडावी, पण खर्चाची हमी त्याच्याकडून मागू नये. त्यासाठी पुरेसं उत्पन्न दाखवावं लागतं आणि विद्यार्थ्याकडे ते सहसा नसतं. स्वतःचं बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, रजेचं पत्र हेच कामी येतं.

खरी गंमत बॅग भरताना. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे मित्राच्या आईने कढवलेलं साजूक तूप बाद, खवा बाद. ताज्या फळांना आणि भाज्यांना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त पाच फळांना: केळं, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन. त्यामुळे नारळ चालतो, पण कढीपत्त्याची जुडी चालत नाही. आणि ऐन मे महिन्यात जाताना हापूसची पेटी घरीच ठेवावी लागते. सुकी मासळी मात्र वीस किलोंपर्यंत चालते! कायद्याने सोडे-सुकट नेता येईल. सामाईक स्वयंपाकघरात ते भाजल्यावर शेजारच्या खोलीतल्यांना काय सांगायचं, ते तुम्ही बघा. तांदूळ, डाळ, कणीक तिथल्या भारतीय दुकानांत मिळते. गोडा मसाला, भाजणी, मेतकूट न्यावं.

हॉस्टेलच्या खोलीत एक पलंग, एक टेबल, एक कपाट. पाहुणा किती रात्री ठेवायचा याचे नियम जागोजागी वेगळे, ते आधी विचारावेत. रात्री दहानंतर शांतता पाळायची. कुकरच्या शिट्ट्या त्याआधीच उरकाव्यात. रविवारी दुकानं बंद असतात. रविवारच्या विश्रांतीला तिथे थेट राज्यघटनेचं संरक्षण आहे, त्यामुळे दूध-ब्रेड शनिवारीच आणायचं. पाण्याची रिकामी बाटली फेकू नये. मशीनमध्ये टाकली की २५ सेंट परत मिळतात.

मित्र लॅबमध्ये असेल तेव्हा शहरात एकट्याने भटकावं. शार्लमेन राजाने इसवी सन ८००च्या सुमारास बांधवलेलं अष्टकोनी प्रार्थनागृह इथल्या कॅथेड्रलच्या पोटात आहे. १९७८च्या पहिल्याच जागतिक वारसा यादीत ते आलं. जवळच एलिझेनब्रुनेनला गंधकाचं गरम पाणी वाहतं. वास घेतला की थेट वज्रेश्वरीची कुंडं आठवतात. दुपारी विद्यापीठाच्या मेन्सात, म्हणजे कॅन्टीनमध्ये, त्याच्यासोबत जेवावं. पाहुण्याला दर थोडा जास्त पडतो. पण चार देशांची पोरं एका टेबलावर असाइनमेंटच्या नावाने खडे फोडताना ऐकायला मिळतात. त्याचं प्रवासाचं सेमिस्टर तिकीट तुम्हाला चालत नाही. महिन्याला ६३ युरोंचं डॉइचलांडटिकिट घेतलं, तर साध्या गाड्यांतून देशभर फिरता येतं. जलद आयसीईत ते चालत नाही. वेळेत रद्द केलं नाही, तर पुढच्या महिन्याचेही पैसे कापले जातात.

परत आल्यावर त्याच्या आई-वडिलांना भेटून यावं. कॅथेड्रलचे फोटो काका दोन मिनिटांत बाजूला ठेवतील. काकूंना विचारायचं असतं ते वेगळंच: रात्री कितीला झोपतो, बारीक झालाय का, स्वयंपाक खरंच करतो की नुसतं सांगतो? तेव्हा स्वयंपाकघराचा, त्याच्या फ्रिजमधल्या कप्प्याचा आणि थंडीच्या जॅकेटचा फोटो आठवणीने काढून आणावा.