सांक्ट गालेनचा मठ आणि समासातील भाषा

स्वित्झर्लंडच्या ईशान्येकडील सांक्ट गालेनचा बेनेडिक्टाइन मठ इ. स. १८०५ मध्ये विसर्जित झाला. तथापि त्याचे ग्रंथालय टिकून राहिले. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास या मठाचे महत्त्व वाटते ते त्यामुळेच होय.

आयरिश धर्मप्रचारक कोलंबानस याचा सहचर गालुस याने ६१२ च्या सुमारास येथे एकान्तवासासाठी कुटी बांधली. त्याच स्थळी ओट्मार याने ७१९ मध्ये मठ स्थापिला. पुढे येथे पाठशाळा व लेखनशाळा भरभराटीस आल्या. विद्येची भाषा लॅटिन, पण विद्यार्थ्यांची मातृभाषा जर्मन. या अंतरामुळे ओळींमध्ये व समासात कठीण शब्दांचे देशी प्रतिशब्द लिहिण्याची रीत पडली. प्रिस्कियनच्या लॅटिन व्याकरणाची नवव्या शतकातील जी प्रत येथे आहे, तिच्यात ३,००० हून अधिक टिपा प्राचीन आयरिश भाषेत आहेत. त्सॉइस याने १८५३ मध्ये केल्टिक भाषांचे तौलनिक व्याकरण रचले, ते अशाच टिपांच्या आधारे.

येथील शिक्षक नोट्कर लाबेओ (मृत्यू १०२२) याने बोएथियस आदींचे ग्रंथ जर्मनमध्ये आणले. परभाषेत कष्टाने कळणारे मातृभाषेत चटकन कळते, असे त्याने आपल्या एका पत्रात सांगितले आहे. शब्दारंभीचे ब, द, ग हे मागील ध्वनीनुसार प, त, क असे लिहिण्याचा त्याचा नियम पाहता आपणांस संस्कृतातील संधिविचाराचे स्मरण होते.

या संग्रहावर संकटेही आली. ९२६ मध्ये मग्यारांची स्वारी होणार असे दिसताच विबोराडा या तपस्विनीने प्रथम ग्रंथ हलविण्याचा सल्ला दिला, असे परंपरा सांगते. स्वतः ती मात्र मारली गेली. धर्मसुधारणेच्या काळात, १५२९ मध्ये, भिक्षूंना मठ सोडावा लागला. ते १५३२ मध्ये परतले. १७१२ च्या युद्धात झुरिक व बर्नच्या सैन्यांनी ग्रंथ नेले. त्यांतील बरेच परत आले, परंतु झुरिकशी असलेला वाद २००६ पर्यंत मिटला नाही. १९८३ मध्ये युनेस्कोने या मठास जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

या टिपा लिहिणाऱ्यांचा हेतू आपल्या भाषेचे जतन करण्याचा नव्हता. लॅटिन समजावे एवढाच होता. मूळ लॅटिन ग्रंथांच्या प्रती अन्यत्रही मिळतात. समासातील ही देशी भाषा मात्र दुसरीकडे मिळणे नाही. म्हणून हस्तलिखिताचे संपादन करताना केवळ मूळ संहिता उतरवून घेऊन समास वगळणे म्हणजे भाषेचा पुरावाच नष्ट करणे होय.