मोरचुदात बुडणारा थेंब

रक्तदान शिबिरात दात्याची पहिली परीक्षा बोटाच्या टोकावर होते. बोटाला टोचून काढलेला रक्ताचा थेंब निळ्या द्रावणात सोडतात. पंधरा सेकंदांच्या आत तो न अडखळता तळाशी गेला तर दाता पुढच्या टेबलाकडे जातो. मध्येच रेंगाळला किंवा वर आला तर त्याला थांबवतात. ते द्रावण मोरचुदाचे असते. सांगली-तासगावच्या द्राक्षबागांत चुन्याबरोबर मिसळून फवारतात तेच हे मोरचूद. द्रावणाचे विशिष्ट गुरुत्व १.०५३ ठेवलेले असते, आणि डेसिलिटरमागे १२.५ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या रक्ताचे गुरुत्वही साधारण तेवढेच भरते. अलीकडे बऱ्याच रक्तपेढ्या हातात मावणाऱ्या यंत्रावर हिमोग्लोबिनचा आकडाच काढतात. थेंबाची परीक्षा आकडा सांगत नाही, फक्त हो किंवा नाही एवढेच सांगते. आणि थेंब असो वा यंत्र, दोन्हींना शरीरात साठवलेले लोह दिसत नाही. या लोहाकडे पुढे यायचे आहे.

१२.५ ग्रॅमची ही अट भारतात स्त्री-पुरुष दोघांनाही एकच आहे. वय १८ ते ६५ आणि वजन किमान ४५ किलो हवे. ४५ किलोच्या पुढे ३५० मिलिलिटर रक्त घेतात. ५५ किलोपेक्षा जास्त वजन असेल तर ४५० मिलिलिटर घेता येते. दोन रक्तदानांत पुरुषांना ९० दिवसांचे आणि स्त्रियांना १२० दिवसांचे अंतर ठेवावे लागते. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर १ जानेवारी १९९८ पासून देशभर बंदी आली, ती सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालामुळे. तेव्हापासून रक्तपेढ्यांचा सारा भार रुग्णांच्या नातेवाइकांवर आणि स्वेच्छेने येणाऱ्या दात्यांवर आहे, आणि स्वेच्छेचे दाते मुख्यतः शिबिरांतूनच मिळतात.

कोल्हापुरात शिबिरांचा तोटा नाही. तालीम मंडळे, गणेशोत्सव, शिवजयंती, २६ जूनची शाहू जयंती, पुढाऱ्यांचे वाढदिवस, असे निमित्त हाताशी असतेच. तुटवडा पडतो तो उन्हाळ्यात, महाविद्यालये बंद झाली आणि माणसे गावी गेली की. पिशवीतल्या लाल पेशी शीतकपाटात ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट तर पाचच दिवस. त्यामुळे एका आठवड्यात दहा शिबिरे झाली तरी पुढच्या महिन्याची सोय होत नाही. शहराच्या दक्षिणेला गारगोटी रस्त्यावरचे कळंबा आज शहराला जवळजवळ चिकटले आहे. बाहेरच्यांना ते तलावामुळे आणि मध्यवर्ती कारागृहामुळे माहीत असते. पण याच रस्त्यावर शासकीय आयटीआयही आहे, आणि रक्तपेढीच्या दृष्टीने तिचे महत्त्व जास्त आहे. अठरा-एकोणीस वर्षांची, पहिल्यांदाच रक्त देणारी मुले अशाच संस्थांतून येतात, आणि सुईपुढे भोवळ येण्याची शक्यता सर्वांत जास्त याच वयात असते.

सुईची भीती आणि भोवळ या दोन गोष्टी लोक एकच समजतात. साप, उंची किंवा लिफ्ट यांची भीती वाटते तेव्हा छाती धडधडते, रक्तदाब वाढतो आणि वाढलेलाच राहतो. अशा माणसाला आपण पडू असे वाटते, पण तो सहसा पडत नाही. रक्त, जखम आणि सुई यांची भीती मात्र दोन पायऱ्यांनी येते. आधी नाडी आणि रक्तदाब वर चढतात, मग काही क्षणांत दोन्ही धाडकन खाली येतात. व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाची गती कमी करतो, पायांतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त खाली साठते आणि मेंदूला क्षणभर कमी पडते. आधी जांभया येतात, घाम फुटतो, मळमळते, कानांत आवाज येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस कोसळतो. आडवे करून पाय वर उचलले की बहुतेक जण मिनिटभरात सावध होतात. ही प्रवृत्ती घराण्यात चालत येते; आई-वडिलांपैकी एकाला असली तर मुलांत आढळण्याची शक्यता बरीच वाढते. धाडसाशी तिचे काही देणेघेणे नाही. तालमीत रोज हजार बैठका मारणारा पैलवानही रक्ताची पिशवी पाहून आडवा होऊ शकतो, आणि त्याने लाजावे असे त्यात काही नाही.

घसरणारा रक्तदाब स्नायू आवळून वर ठेवता येतो, हे स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८० च्या दशकात पद्धतशीरपणे दाखवले. सुई नसलेला हात, मांड्या आणि पोट यांचे स्नायू दहा ते पंधरा सेकंद, चेहरा गरम वाटेपर्यंत, घट्ट आवळायचे; मग वीस-तीस सेकंद सोडायचे, पण अगदी ढिले पडायचे नाही; आणि हे चार-पाच वेळा करायचे. सुई लावलेला हात मात्र सैलच ठेवायचा. भीती वाटली की दीर्घ श्वास घेऊन शरीर सैल सोडावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. या एका भीतीत तो उलटा पडू शकतो, कारण सैल पडलेल्या शरीरात रक्तदाब आणखी उतरतो. रक्तदानाच्या थोडे आधी अर्धा लिटर पाणी प्यायल्यानेही भोवळीचे प्रमाण घटते. सुई टोचताना दुसरीकडे बघणे आणि शेजाऱ्याशी गप्पा मारणे हे साधे उपायही कामी येतात. ‘मला सुईची भीती वाटते’ असे आधीच सांगितले तर तंत्रज्ञ दात्याला खुर्चीऐवजी खाटेवर आडवे घेतो, म्हणजे भोवळ आली तरी पडण्याचा प्रश्न उरत नाही.

सुई जाड असते हे खरेच आहे. तिची बाहेरची जाडी साधारण दीड मिलिमीटर, म्हणजे दवाखान्यातल्या नेहमीच्या इंजेक्शनच्या दुप्पट-तिप्पट असते. बारीक सुईतून रक्त हळू येते, पिशवी भरायला वेळ लागतो आणि तोवर रक्त गोठू लागते, म्हणून जाडी कमी करता येत नाही. टोचण्याची कळ क्षणभराची असते. अनेक दात्यांना सुरुवातीला बोटाला टोचतात तेच जास्त लागते, कारण बोटाच्या टोकाला संवेदना जास्त असतात. सुई पिशवीलाच जोडलेली, निर्जंतुक आणि एकदाच वापरायची असते. रक्त देताना दात्याला कोणाचाही आजार लागण्याचा मार्ग त्यात नसतो. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस आणि हिवताप यांच्या चाचण्या होतात त्या रक्त घेणाऱ्याच्या रक्षणासाठी.

पिशवी पाच-दहा मिनिटांत भरते. त्यानंतरची पंधरा मिनिटे जास्त जपण्याची असतात, आणि शिबिरात नेमकी तीच घाईत जातात. चहा-बिस्किट घेऊन, प्रमाणपत्रासह फोटो काढून दाता थेट दुचाकीवर बसतो. उशिरा येणारी भोवळ मग खाटेवर न येता रस्त्यात येते. लांब पल्ल्याचे चालक आणि अंगमेहनतीचे काम करणारे यांनी कामाला लागण्याआधी पुरा एक दिवस मध्ये ठेवावा, आणि झोप न झालेल्या रात्रपाळीच्या कामगाराने रक्त देऊ नये, असे राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत रात्रपाळी करून सकाळी शिबिराला येणाऱ्याने ही सूचना मनावर घ्यायला हवी. उपाशीपोटी किंवा उपवासाच्या दिवशी रक्त देऊ नये, ही सूचनाही त्यातच आहे. श्रावणातल्या आणि नवरात्रातल्या शिबिरांच्या आयोजकांना ती फारशी सोयीची नाही.

सुईची भीती तासाभरात मागे पडते. लोहाचा हिशेब मात्र महिनोन्‌महिने चालतो, आणि शिबिरात त्याबद्दल कोणी बोलत नाही. गेलेल्या रक्तातला पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून निघतो. लाल पेशी भरायला चार ते आठ आठवडे लागतात. लोहाचे गणित वेगळे आहे. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह असते. त्या हिशेबाने ३५० मिलिलिटर रक्ताबरोबर दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास, तर ४५० मिलिलिटरबरोबर दोनशेहून थोडे जास्त लोह जाते. निरोगी माणसाचे आतडे एरवी दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅम लोह शोषते, आणि त्यातलेही बरेचसे रोजची झीज भरण्यात खर्ची पडते. रक्तदानानंतर शोषण वाढते खरे, पण ते अनेक पटींनी वाढत नाही.

ही भरपाई शरीर साठ्यातून करते. हिमोग्लोबिन म्हणजे रोजच्या भाकरीचे पीठ, तर यकृतात आणि हाडांच्या मगजात फेरिटिन या प्रथिनात ठेवलेले लोह म्हणजे कणगीतले धान्य. कणगी रिती होत आली तरी काही दिवस पिठाचा डबा भरलेला दिसतो. पुरुषाचा साठा ग्रॅमभर असू शकतो. मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रीचा साधारण तीनशे मिलिग्रॅम असतो, आणि अनेकींचा तेवढाही नसतो. म्हणजे मोरचुदात थेंब बुडाला तरी साठा पुरता आटलेला असू शकतो. अमेरिकेत रक्तदात्यांवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. लोहाची गोळी न घेतलेल्या दात्यांपैकी दोन-तृतीयांश जणांचा साठा रक्तदानानंतर २४ आठवड्यांनीही पूर्ववत झालेला नव्हता. तिथे एका वेळी पाचशे मिलिलिटर रक्त घेतात, हे ध्यानात ठेवायला हवे. पण आपला ९० दिवसांचा कालावधी २४ आठवड्यांच्या जवळपासही जात नाही. तो नियम हिमोग्लोबिन भरून येण्याच्या हिशेबाने पुरेसा आहे, साठ्याच्या हिशेबाने प्रत्येकाला पुरेलच असे नाही. नेदरलँड्समध्ये सॅन्क्विन ही राष्ट्रीय रक्तसंस्था नव्या दात्याचे आणि पुढे दर पाचव्या रक्तदानाला फेरिटिन मोजते. ते १५ च्या खाली असेल तर वर्षभर, आणि १५ ते ३० च्या दरम्यान असेल तर सहा महिने थांबायला सांगते. आपल्याकडे अशी सक्ती नाही. वर्षात चार वेळा रक्त देऊन प्रमाणपत्रांची भिंत सजवणाऱ्या तरुणाने निदान वर्षातून एकदा स्वतःहून फेरिटिन तपासून घ्यावे. ही चाचणी खासगी प्रयोगशाळांत सहज होते.

शिबिरांत स्त्रिया कमी का दिसतात, याचे उत्तरही बऱ्याच अंशी या साठ्यात आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. त्या सर्वेक्षणात गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी रक्तक्षयाची रेषा १२ ग्रॅमवर आहे, रक्तदानाची १२.५ वर. त्यामुळे १२.२ असलेली स्त्री कागदोपत्री निरोगी असूनही परत पाठवली जाते. त्यात बाळंतपणानंतर वर्षभर, अंगावर पाजण्याच्या काळात आणि पाळीच्या दिवसांत रक्त घेत नाहीत. हे नियम तिच्याच भल्याचे आहेत. पण परत पाठवताना ‘रक्त कमी आहे’ एवढेच सांगून मोकळे होणे बरोबर नाही.

रक्त वाढवण्यासाठी बीट आणि डाळिंब खावे हा समज रंगावरून आलेला आहे. दोन्हींत शंभर ग्रॅममागे मिलिग्रॅमभर किंवा त्याहून कमी लोह असते. कोल्हापुरी गुळात ते थोडे जास्त असते, पण गूळ माणूस खातो तो खडाभर. हळीव, राजगिऱ्याचा पाला, मटकी, हरभरा आणि नाचणी यांतले लोह जास्त कामाचे. वनस्पतींतल्या लोहाला धान्या-कडधान्यांतले फायटेट अडवून धरतात. मोड आणले किंवा आंबवले की ते घटतात, आणि वर लिंबू पिळले तर शोषण सुधारते. या दृष्टीने मिसळीची मांडणी चांगलीच आहे, तिच्यामागून येणारा चहा सोडून. जेवणाबरोबर घेतलेला चहा लोहाचे शोषण निम्म्याने किंवा त्याहून जास्त घटवतो, म्हणून जेवण आणि चहा यांत तास-दीड तास जाऊ द्यावा. मांसातले लोह सहज शोषले जाते. पण ते मटणाच्या फोडीत आणि काळजात असते. नुसता तांबडा-पांढरा रस्सा भुरकून ते मिळत नाही. लोखंडी कढईत आणि तव्यावर शिजवलेल्या आंबट पदार्थांत थोडे लोह उतरते. घराघरांतून लोखंडी भांडी गेली आणि नॉनस्टिक आली, तसा हा फुकटचा पुरवठाही गेला.

साठा खरोखर रिकामा असेल तर आहाराने तो भरायला फार वेळ लागतो. तिथे डॉक्टरच्या सल्ल्याने गोळी घ्यावी लागते. मोठी मात्रा घेतली की हेप्सिडिन हे संप्रेरक दिवसभर शोषण रोखून धरते. त्यामुळे एक दिवस आड घेतलेली गोळी जास्त शोषली जाते, असे २०१७ च्या एका स्विस अभ्यासात दिसले. गोळीने शौच काळी होते, त्याला घाबरून गोळी बंद करू नये.

शिबिरातून परत पाठवलेल्या माणसाने कारण शोधले पाहिजे. सतत थकवा, केस गळणे, रात्री पाय अस्वस्थ होणे, माती, पाटीवरची पेन्सिल किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणे ही लोह घटल्याची चिन्हे असू शकतात. स्त्रीमध्ये पाळीतला जास्त रक्तस्राव हे नेहमीचे कारण असते. पुरुषाचे हिमोग्लोबिन घटले तर मूळव्याध, जठरातला व्रण किंवा आतड्याचा आजार आधी तपासावा लागतो. आपल्या मनाने टॉनिक पिऊन आकडा वर आणला तर मूळ दुखणे झाकले जाते. शाकाहारी माणसात बी-१२ ची कमतरता हेही कारण निघते. आणि काहींचे हिमोग्लोबिन वर्षानुवर्षे थोडे कमीच राहते, पेशी लहान असतात, फेरिटिन मात्र व्यवस्थित असते. अशा वेळी थॅलेसेमियाच्या वाहकत्वाची शंका घ्यावी लागते. एचबी ए२ मोजणाऱ्या चाचणीने ते समजते. वाहकाला स्वतःला सहसा त्रास नसतो, आणि लोह कमी नसेल तर त्याने लोहाच्या गोळ्या घेऊन उपयोग नाही. पण लग्नाआधी जोडीदाराची तपासणी करून घेणे आवश्यक असते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तीव्र थॅलेसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि अशा बाळाला दर दोन ते चार आठवड्यांनी, आयुष्यभर, रक्त चढवावे लागते.