गाडी उतरते तेव्हां

गेल्या महिन्यांतली गोष्ट. मोटार चालविण्यास नुकत्याच शिकलेल्या आमच्या सूनबाई जालना रस्त्यानें निघाल्या होत्या. मी शेजारीं बसलों होतों. क्रांती चौकांत तांबडा दिवा लागला. तो हिरवा होतांच मोटारीनें एक गचका दिला आणि ती जागच्या जागीं बंद पडली. मागें भोंग्यांचा कल्लोळ! "मामंजी, अशी कशी हो बंद पडली? पेट्रोल तर भरपूर आहे," त्या काकुळतीनें म्हणाल्या. गिअरचा दांडा पाहिला, तों गाडी तिसऱ्यांत! चूक लहानशी, परंतु ती कां भोंवली हें ज्याला उमगलें, त्याला गाडीचें मर्म उमगलें.

बैल उभ्या जागेवरून मान घालून गाडा ओढतो. इंजिनाचें तसें नाहीं. तें थांबलें कीं त्याचें बळ शून्य. जिवंत राहण्यास त्याला मिनिटास ७००-८०० फेऱ्या तरी घ्याव्या लागतात, आणि खरा जोर येतो तो त्याहून बराच पुढें. चाक तर आरंभीं मुळींच फिरत नसतें. ह्या दोहोंची सोयरीक क्लच आणि गिअर जुळवितात. क्लच म्हणजे समोरासमोर दाबून धरलेल्या तबकड्या. पाय दाबला कीं त्या सुटतात; हळूहळू सोडला कीं घासत घासत एकमेकींना धरतात.

गिअर म्हणजे दंतचक्रें. १५ दांतांचें चक्र ४५ दांतांच्या चक्रास फिरवूं लागलें, तर लहान्याच्या ३ फेऱ्यांस मोठ्याची एक. गति तिसरा हिस्सा उरली, पण फिरविण्याचा जोर सुमारें तिप्पट झाला. फुकट कांहींच मिळालें नाहीं. केवळ अदलाबदल झाली.

उदाहरणच घेऊं. चाकाचा परीघ १.८ मीटर धरा. ताशीं २० किलोमीटर वेगानें तें मिनिटास सुमारें १८५ फेऱ्या घेतें. पहिल्या गिअरमध्यें इंजिनाच्या १४ फेऱ्यांस चाकाची एक असें मानलें, तर इंजिनाच्या फेऱ्या झाल्या २,५९०. वरच्या गिअरमध्यें हेंच प्रमाण साडेतीनास एक धरा. ताशीं ८० किलोमीटरला चाकाच्या फेऱ्या ७४० आणि इंजिनाच्या पुन्हा २,५९०! वेग चौपट झाला, पण इंजिन आपल्या तालांतच राहिलें. मात्र चाकाला मिळणारा जोर चौथाईवर आला. म्हणूनच तिसऱ्या गिअरमध्यें उभी गाडी उचलवेना.

आतां चौकांत वळणारी रिक्षा पाहा. १९८५ सालीं सुरू झालेल्या आमच्या वाळूजच्या बजाज कारखान्यांत अशा रिक्षा बनतात. वळतांना मागल्या दोन चाकांपैकीं बाहेरच्याला लांबचा फेरा पडतो, आंतल्याला जवळचा. दोन्हीं एकाच आंसाला जखडलीं असतीं, तर एकाला फरफटत जावें लागलें असतें. त्यासाठीं मध्यें 'डिफरन्शिअल' असतो. तो दोघांना ओढ सारखी देतो, चाल मात्र ज्याची त्याला ठेवूं देतो. एकत्र कुटुंबाचा कर्ता ह्याहून निराळें काय करतो?

असो. लेखणी उचलली ती पुढील गोष्टीसाठीं. दिवाळींत चाळीसगांवास जावयाचें ठरलें. वाटेंत कन्नडचा घाट. पुतण्या म्हणाला, "काका, उतारावर गाडी न्यूट्रल केली कीं पेट्रोल वांचतें." मीं त्याला तेथेंच थांबविलें. गाडी गिअरमध्यें असली, म्हणजे उतारावर चाकें इंजिनास फिरवितात आणि इंजिन त्यांना आवरून धरतें. गिअर काढला कीं हा लगाम सुटला. सारा भार ब्रेकवर. ते सतत दाबले कीं तापतात, आणि फार तापले कीं धरीत नाहींत. बचतहि खोटीच. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनांत, गाडी गिअरमध्यें असतां ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, कीं फेऱ्या पुरेशा असेपर्यंत इंधन बहुधा बंदच होतें. न्यूट्रलमध्यें मात्र इंजिन चालू राहण्यासाठीं तें जळतच राहतें.

जुने चालक सांगत, ज्या गिअरनें चढाल त्यानेंच उतरा. क्लचचें पायडळ नसलेल्या गाडींतहि खालचा गिअर राखण्याची सोय बहुधा असते. ती घरांतील प्रत्येक चालविणाऱ्यानें आधीं माहीत करून घ्यावी.

आम्ही घाट दुसऱ्या गिअरमध्यें उतरलों. मागें सूनबाई आणि तीन मुलें होतीं. खालीं पोंचल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, ब्रेकला फारसा हात घालावाच लागला नाहीं!" "हात नव्हे, पाय," सूनबाई मागून म्हणाल्या.