थंडीचे दिवस, आपली लेकरे आणि गावची शाळा

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते, तेव्हा खानदेशात थंडी आणि कापूस एकदमच अंगावर येतात. सातपुड्याकडून वारा सुटतो आणि शेतात बोंडे फुटलेली असतात. त्याचा परिणाम पाहायचा असेल तर जळगाव किंवा धुळे जिल्ह्यातील कोणत्याही जिल्हा परिषद शाळेत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जावे आणि हजेरीपट पाहावा. जूनमध्ये भरलेला वर्ग आता विरळ झालेला असतो. कोणी खोकल्याने घरी, कोणी धाकट्या भावाला सांभाळत, कोणी आईबरोबर वेचणीला, तर कोणी आईबापांबरोबर उसाच्या फडावर. मार्चमध्ये परीक्षा जवळ आली म्हणजे हीच लेकरे वर्गात परत येतात आणि फळ्याकडे परक्यासारखी पाहतात. म्हणून यंदा थंडीच्या तोंडावरच आमच्या माता-भगिनींशी आणि बांधवांशी चार गोष्टी बोलाव्यात असे आम्ही ठरविले.

आपला मुलूख उन्हासाठी प्रसिद्ध. भुसावळचा पारा पंचेचाळीसला गेला की साऱ्या महाराष्ट्रात बातमी होते. पण त्याच जळगाव-धुळ्यात दर हिवाळ्यात काही दिवस पारा दहाच्या खाली उतरतो, याची तयारी मात्र आपल्या घरात नसते आणि शाळेतही नसते. शाळेला पत्र्याचे छप्पर, खाली शहाबादी फरशी. गणवेश फुकट मिळतो, त्यात स्वेटर नसतो. अशा फरशीवर पाच तास मांडी घालून बसणाऱ्या पोराचे लक्ष अंकगणितात कसे लागणार? ते घरी येऊन सांगते, “माय, थंडी वाजस.” आपण म्हणतो, पोरगे बहाणे करते.

स्वेटर नवाच हवा असे नाही. मोठ्या भावाचा आखूड झालेला स्वेटर धाकट्याला चालतो. तोही नसेल तर गणवेशाच्या आत एक जुना बनियन आणि वर जाड सदरा घाला. दोन पातळ कपडे एका जाड कपड्यापेक्षा जास्त ऊब देतात, कारण मधली हवा थंडी अडविते. कान मात्र झाकलेच पाहिजेत. आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा पुरतो. शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दिवशी तर विसरू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने आदेश काढला, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत. आपल्या गावी शनिवारची वेळ काय आहे ते विचारा, फार लवकर असेल तर पालक सभेत विषय काढा.

आता फरशीचा प्रश्न. काही शाळा पालकांना सांगतात, की मुलाबरोबर बसायला पोते किंवा आसन पाठवा. सूचना साधी आहे, पण आमच्या वाचकांना ती साधी वाटणार नाही. बाबासाहेब शाळेत असताना त्यांना वर्गात वेगळे बसावे लागे, बसायचे गोणपाट घरून न्यावे लागे आणि संध्याकाळी घरी परत आणावे लागे, कारण शाळेचा गडी त्याला हात लावत नसे. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. म्हणून आमचे सांगणे असे, की घरोघरचे वेगळे पोते नको. साऱ्या वर्गाला मिळून लांब सतरंज्या किंवा बस्तरे घ्यावीत आणि त्यावर सगळी मुले ओळीने बसावीत. त्यासाठी आपल्या वस्तीने वर्गणीचा पहिला रुपया टाकावा. एखाद्या वर्गात कोण कोणत्या पट्टीवर बसते यात भेद दिसला, तर मात्र गप्प बसू नये. मुख्याध्यापकांना लेखी द्यावे आणि त्याची पोच घ्यावी.

थंडीत आंघोळ टळते, आणि खरूज नेमकी याच दिवसांत वाढते. एका गोधडीत चौघे झोपतात, एकाची खाज चौघांना लागते. मलम एकट्याला लावून खरूज जात नाही. घरातल्या साऱ्यांनी एकाच रात्री लावावे, कपडे-अंथरूण गरम पाण्यात धुवावे, गोधड्या दिवसभर कडक उन्हात टाकाव्यात. मलम प्राथमिक आरोग्य केंद्रात मागावे. पायाच्या भेगांना आणि ओठांना रात्री झोपताना खोबरेल पुरे, महागड्या डब्यांची गरज नाही.

एक गोष्ट फार कळकळीने सांगतो. शेगडी किंवा घमेल्यात निखारे घेऊन, दार-खिडकी लावून झोपू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेल्याला जाग येत नाही. शेकोटी अंगणातच करावी, तीत टायर आणि प्लॅस्टिक घालू नये, आणि नायलॉनचा फ्रॉक घातलेल्या मुलीला तिच्याजवळ बसू देऊ नये. साध्या सर्दीला घाबरायचे कारण नाही. पण एक ते पाच वर्षांचे मूल स्वस्थ असताना मिनिटाला चाळीस किंवा जास्त वेळा श्वास घेत असेल, किंवा श्वास घेताना त्याच्या बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, तर अंगारा-धुपारा करीत बसू नका. ते न्यूमोनियाचे लक्षण आहे, त्याच रात्री दवाखाना गाठा.

खाण्याच्या बाबतीत हिवाळा गरिबाला उदार असतो. बाजरीची भाकरी, दादरची भाकरी, मेथी, शेंगदाणे, तीळ, गूळ, बोरे, पेरू, आणि आपले वांग्याचे भरीत. लेकराला सकाळी उपाशी पाठवू नका, शिळी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन पाठवलेले पोर बिस्किटाच्या पुड्यावर गेलेल्या पोरापेक्षा बरे. शाळेतल्या आहाराची सुरुवात १९९५ साली झाली तेव्हा महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळत. आता शिजवलेले अन्न मिळते आणि पाचवीपर्यंतच्या मुलामागे रोज शंभर ग्रॅम धान्याचा हिशेब असतो. तो हिशेब पाहण्याचा हक्क पालकांना आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक दिवस अंडे, आणि अंडे न खाणाऱ्याला केळे, असा निर्णय झाला होता. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा सरकारी निधी थांबला आणि लोकसहभागातून द्या असे सांगण्यात आले. रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यांत आमच्याच आयाबाया मजुरीला जातात. त्यांच्या लेकरांना आठवड्याला एक केळे मिळू नये, याला काय म्हणावे? केळ्याने थंडीत खोकला होतो असे म्हणून काही घरांत ते देतच नाहीत. तो समज सोडा. पिकलेले केळे मुलाला खुशाल द्या.

आता मुख्य विषयाकडे येतो. कापूस वेचणीची मजुरी किलोवर असते. जितके हात तितके किलो, म्हणून आठ-नऊ वर्षांच्या पोरीचाही हात मोजला जातो. घरची अडचण आम्हांला ठाऊक आहे, उपदेश करणे सोपे असते हेही ठाऊक आहे. पण नोव्हेंबर ते जानेवारी या तीन महिन्यांत दुसरी-तिसरीत भागाकार, जोडाक्षरे, पाढे असा मुख्य अभ्यास होतो. तो बुडाला की पुढे पाचवीत पोर मागे पडते आणि सातवी-आठवीत शाळा सोडते. वेचणीतून मिळालेले पैसे त्या वेळी कोठे गेले हे कोणाला आठवतही नाही.

उसाला जाणाऱ्यांचा प्रश्न याहून अवघड. मुकादमाची उचल घेतली की दिवाळीनंतर कोयता घेऊन निघावेच लागते, कोणी गुजरातेत बारडोलीकडे, कोणी नगर-पुण्याकडे. साक्री-चाळीसगाव भागातून निघणाऱ्या गाड्यांत संसाराच्या बोचक्यांवर बसलेली शाळेची पोरे आम्ही पाहिली आहेत. अशा घरांनी निघण्यापूर्वी दोन कामे करावीत. आजी-आजोबा किंवा मावशी-काका गावात असतील तर मूल त्यांच्यापाशी ठेवावे आणि हंगामी वसतिगृहाची योजना आपल्या शाळेला मिळाली आहे का ते विचारावे. त्यात स्थलांतरित पालकांच्या मुलांच्या जेवणाची सोय होते. नेणे भागच असेल तर मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड घ्यावे आणि जेथे जाल तेथील शाळेत ते दाखवावे. दाखल्याचा कागद नाही म्हणून सहा ते चौदा वयाच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, असा २००९ चा कायदा आहे.

त्याच कायद्याने प्रत्येक गावच्या शाळेला व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात पंचाहत्तर टक्के पालक, निम्म्या स्त्रिया, आणि दुर्बल घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा. आपल्या वस्तीतले कोण त्या समितीवर आहे, हे किती जणांना माहीत आहे? पुष्कळ ठिकाणी नाव असते, सही असते, पण माणूस सभेला गेलेला नसतो. स्वेटर, सतरंजी, आहार, सहलीचे पैसे, शनिवारची वेळ, हे सारे विषय तेथेच काढता येतात. मजुरी बुडते म्हणून जाता येत नसेल तर सभा संध्याकाळी ठेवा असे लेखी मागा. गुरुजी आणि बाई बहुधा ऐकतात, त्यांनाही सभेला माणसे हवीच असतात.

हे महिने कार्यक्रमांचेही असतात. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. २०१७ पासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. २६ नोव्हेंबरला संविधान दिन, त्या दिवशी उद्देशिका मोठ्याने वाचतात. आठवडाभर आधी रात्री जेवणानंतर मुलाकडून ती घरी म्हणवून घ्या. निरक्षर आईनेही सोबत म्हणावे, आठ दिवसांत तिचीही पाठ होते. ३ जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती. त्यासाठी भाड्याचा पोशाख आणू नका, आजीचे लुगडे आणि हातात पुस्तक एवढे पुरे.

सहा डिसेंबरला दादरला लेकरांना नेणाऱ्या पालकांनी शाळेत अगोदर रजेचा अर्ज द्यावा, चार दिवस न सांगता गैरहजर ठेवू नये. भुसावळ-जळगावहून रात्रीची गाडी, धुळ्याच्या मंडळींना चाळीसगावला बदल. डब्यात कडाक्याची थंडी आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत घाम, तेव्हा काढता-घालता येतील असे कपडे न्यावेत. प्रत्येक मुलाच्या खिशात नाव, गाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी. त्या गर्दीत हात सुटायला क्षण लागत नाही. परत येताना लेकराला एक पुस्तक घ्यावे, खेळण्याच्या किमतीत येते.

जानेवारीत काही शाळा माता-पालकांना हळदीकुंकवाला बोलावतात. हेतू आयांना शाळेत आणण्याचा असतो, हे आम्ही मान्य करतो. परंतु विधवा आणि परित्यक्ता भगिनी त्या दिवशी घरीच बसतात, आणि आमच्या पुष्कळ भगिनींना तेथे कसे वागावे हा संकोच पडतो. त्यापेक्षा तीन जानेवारीलाच माता मेळावा घ्या, तिळगूळ द्या, सगळ्या येतील. असे सुचविल्यावर आनंदाने मान्य करणाऱ्या शिक्षिका आम्हांला भेटल्या आहेत.

खो-खो, कबड्डी, लंगडीचे केंद्रस्तरीय सामने याच दिवसांत होतात. मुलींना पाठवा, एवढेच सांगतो.

सहलीविषयी मात्र सविस्तर बोलले पाहिजे, कारण वर्गातली गरिबी सर्वांत उघडी पडते ती सहलीच्या यादीत. पैसे न देणाऱ्याचे नाव गळते आणि ते लेकरू त्या दिवशी गल्लीत एकटे खेळते. एस.टी. शालेय सहलींना निम्मी सवलत देते, पुरातत्त्व खात्याच्या लेण्यांना पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. म्हणजे जवळची सहल फार महाग पडू नये. ज्या वस्तीत विहार आहे तेथील समितीने दरवर्षी दोन-तीन मुलांचे सहलीचे पैसे भरावेत. कोणाचे भरले हे फक्त गुरुजींना ठाऊक असावे.

ठिकाण कोणते? आमचे मत विचाराल तर अजिंठा. जळगावपासून सुमारे साठ किलोमीटर. इतक्या जवळ असून जळगाव जिल्ह्यातील कितीतरी मुलांनी ते पाहिलेले नसते. ज्या वाघूर नदीच्या वळणावर ही लेणी कोरली, तिच्याच धरणाचे पाणी जळगावकर पितात, हे मुलांना सांगितले की त्यांचे डोळे चमकतात. सोमवारी लेणी बंद असतात. फर्दापूरजवळच्या फाट्यावर गाड्या थांबतात, तेथून चारेक किलोमीटर वेगळ्या बसने जावे लागते, तिचे भाडे आधीच धरा. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढतात, म्हणून मोजे धड असलेले बरे. सतराव्या लेण्यात छद्दंत हत्तीची जातककथा रंगवली आहे. आपले सुळे मागणाऱ्या शिकाऱ्यावर न रागावता ते देऊन टाकणारा हा हत्ती. आदल्या रात्री ही गोष्ट घरी सांगून ठेवा, म्हणजे अंधुक उजेडात मूल ते चित्र स्वतः शोधील. सव्विसाव्या लेण्यातील महापरिनिर्वाणाची सुमारे सात मीटर लांबीची मूर्ती पाहून गडबड करणारी पोरेही शांत होतात. चाळीसगावच्या शाळांना पाटणादेवी जवळ. तेथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे गणिताचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ चालविला, असे तेथील शिलालेख सांगतो. डब्यात भाकरी, ठेचा, गूळ-शेंगदाणे द्या, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी फडके.

थोडे कागदपत्रांविषयी. शिष्यवृत्ती परीक्षा पूर्वी चौथी-सातवीला होती, २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला गेली, आणि पुन्हा चौथी-सातवीला आणण्याचा निर्णय २०२५ साली झाला. तेव्हा आपल्या मुलाच्या वर्गाला ती कधी आहे, हे ऐकीव माहितीवर न जाता वर्गशिक्षकांनाच विचारा. भुसावळ तालुक्यातील साकेगावच्या नवोदय विद्यालयाची परीक्षा पाचवीत असताना द्यावी लागते. जातीचा दाखला अजून काढला नसेल तर तहसीलच्या खेपा आताच सुरू करा, जूनमध्ये रांगा लागतात. मुलींचा उपस्थिती भत्ता १९९२ साली दिवसाला एक रुपया ठरला होता. रक्कम हसण्यासारखी, पण त्यासाठी मुलीच्या हजेरीवर शाळेचीही नजर राहते, म्हणून तिचे नाव यादीत आहे का ते पाहून घ्या. दहा फेब्रुवारीच्या सुमारास शाळेत जंताची गोळी देतात. त्या दिवशी मुलाला जेवून पाठवा, गोळी चावून खायला सांगा. त्या दिवशी गैरहजर राहिलेल्यांसाठी काही दिवसांनी पुन्हा फेरी असते.