पोलीस ठाण्यातून सुरू होणारा तपास

अमली पदार्थांविरुद्धची लढाई म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सीमेवरचे जवान किंवा समुद्रात अडवलेली बोट येते. सैनिकी शाळेत असे वाटणे साहजिकच आहे. पण माल शेवटी विकला जातो तो गल्लीत, आणि गल्लीत नवा माणूस कोण आला हे दिल्लीतल्या अधिकाऱ्याआधी तिथल्या ठाण्याच्या हवालदाराला कळते. 'पोलीस' हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्यांचा विषय आहे. नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरो १९८६ पासून काम करतो, तरी गावोगावची नजर राज्य पोलिसांचीच.

पुण्याचे उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे शहर पोलिसांनी काही विक्रेत्यांकडून थोडे मेफेड्रोन, म्हणजे बोलीभाषेतले 'एमडी', पकडले. चौकशीचा धागा दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील कारखान्यापर्यंत गेला आणि पुढे सांगली जिल्हा व दिल्लीपर्यंत पोहोचला. एकूण जप्ती दीड टनाहून अधिक होती. गांजा शेतात दिसतो, कधी तुरी-कपाशीच्या आड लपवलेला असतो. एमडी मात्र रसायनांपासून चार भिंतींत तयार होते, म्हणून खबऱ्याशिवाय त्याचा माग लागणे कठीण. शिवाय फेब्रुवारी २०१५ पूर्वी ते कायद्याच्या यादीतच नव्हते. विक्रेता हाती लागला तरी या कायद्याखाली त्याच्यावर गुन्हा नोंदवता येत नसे.

हा कायदा १९८५ चा आणि फार कडक आहे. एमडी ५० ग्रॅम किंवा गांजा २० किलोच्या पुढे गेला की 'व्यावसायिक प्रमाण' ठरते आणि किमान १० वर्षे, कमाल २० वर्षे सक्तमजुरी होऊ शकते. शिक्षा इतकी मोठी, म्हणून पोलिसांवरची बंधनेही तितकीच मोठी. संशयिताची अंगझडती घेण्यापूर्वी 'राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे' हे कलम ५० प्रमाणे त्याला सांगावेच लागते. ते सांगितले नाही, तर अंगावर सापडलेल्या मालाच्या आधारे त्याला दोषी ठरवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९९ मध्ये बलदेव सिंग प्रकरणात स्पष्ट केले. बंद घराची झडती सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय घ्यायची, तर कारणे आधी लेखी नोंदवायची आणि त्याची प्रत ७२ तासांत वरिष्ठांकडे पाठवायची.

खरी कसोटी त्यापुढे लागते. पंचनामा, सील, मुद्देमालाची नोंद, दंडाधिकाऱ्यासमोर नमुने काढणे, मग प्रयोगशाळा. आपल्याकडे शस्त्रागारातली रायफल सहीशिवाय हलत नाही, तसेच हे. मधल्या एका हाताची नोंद राहिली की बचाव पक्षाचा वकील तिथेच बोट ठेवतो, 'हाच तो माल कशावरून?' कधी पंच फितूर होतात. जप्तीच्या कोट्यवधींच्या आकड्यांची बातमी होते, पण खटला टिकतो तो ठाण्यातल्या लेखनिकाच्या नोंदवहीवर. माझ्या मते त्या लेखनिकाचे कौतुक फारच कमी होते.

पालकांना बहुधा ठाऊक नसलेले एक कलम याच कायद्यात आहे, ६४अ. अल्प प्रमाण बाळगल्याचा किंवा सेवनाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायला तयार झाली, तर त्या गुन्ह्यासाठी तिच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. विक्रीची माहिती नाव न सांगता द्यायची असेल, तर १९३३ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक जुलै २०२४ पासून सुरू आहे.