कोड एकदाच लिहा, प्रत्येक वेबसाइटला वापरा

आजच्या व्हिडिओत आपण गूगल टॅग मॅनेजरमध्ये स्वतःचं टेम्प्लेट बनवलं. त्याचे मुद्दे इथे लिहून देतोय.

आधी माझी चूक ऐका. ऑर्डर मोजायचा कोड मी माझ्या दुकानाच्या वेबसाइटवरून उचलून मित्राच्या वेबसाइटवर पेस्ट केला, पण आयडी बदलायचा राहिला. त्याच्या ऑर्डर माझ्या खात्यात दिसायला लागल्या! जाहिरात जोरात चाललीय असं समजून मी बजेट वाढवलं. पैसे गेले ते गेलेच.

टेम्प्लेट म्हणजे तयार फॉर्म. कोड आत बंद, बाहेर फक्त भरायची जागा.

१. फील्ड्स: आयडीसाठी एक रकाना ठेवा. 'रिकामा चालणार नाही' असा नियम लावा. कोडमध्ये आयडी लिहूच नका.

२. कोड: इथे सँडबॉक्स्ड जावास्क्रिप्ट चालते. नेहमीचा कोड जसाच्या तसा चालत नाही, तो तिच्या नियमांत बसवावा लागतो. काम झालं की नाही, हे टॅग मॅनेजरला कळवायला विसरू नका.

३. परमिशन्स: माहिती कुठल्या पत्त्यावर पाठवायची, तेवढाच पत्ता लिहा. नव्या कामगाराला गल्ल्याची चावी आपण लगेच देतो का? तसंच हे.

मग टॅग बनवा, ट्रिगर लावा, प्रिव्ह्यूमध्ये एक खोटी ऑर्डर टाकून बघा. आकडा बरोबर आला तरच पब्लिश करा.

दुसऱ्या वेबसाइटसाठी टेम्प्लेट एक्सपोर्ट करून तिकडे इम्पोर्ट करा. आयडीचा रकाना तिथे रिकामाच येईल, आणि तो भरल्याशिवाय टॅग सेव्ह होणार नाही. माझी चूक तिथेच अडली असती!